बिघाड सुट्या भागातला आणि प्रोग्रॅममधला

भोसरीच्या एखाद्या छोट्या कारखान्यातून चाकणला गेलेल्या मालात चार बुश मापाबाहेर निघाले, तर पुढे काय करायचे हे पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात कुणाला शिकवावे लागत नाही. लॉट अडवला जातो, लाल टॅग लागतो, गोदामातला आणि वाटेतला माल तपासला जातो. मग गुणवत्ता विभाग बसतो, ‘व्हाय-व्हाय’ होते, फिशबोन आकृती काढली जाते आणि ठरलेल्या मुदतीत ८डी अहवाल ग्राहक कंपनीकडे जातो. त्या अहवालात तात्पुरता उपाय वेगळा लिहावा लागतो, मूळ कारण वेगळे आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून केलेली तरतूद वेगळी. ‘मशिन बंद करून चालू केले, आता ठीक आहे’ एवढेच लिहून तो पाठवण्याची हिंमत कुणी करणार नाही.

त्याच कारखान्यात डिस्पॅचच्या टेबलावरचा प्रोग्रॅम चलन छापता छापता अडकला, की मात्र नेमका हाच उपाय होतो. टेम्पो गेटवर उभा असतो, ग्राहकाच्या लाइनवर माल ठरल्या वेळी पोचायचा असतो. कुणीतरी रिस्टार्ट मारतो, प्रोग्रॅम उघडतो, चलन निघते आणि विषय संपतो. काय अडले, कशामुळे अडले, याची नोंद कुठेच होत नाही. पुन्हा तोच एरर आला, की सॉफ्टवेअरवाल्याला फोन जातो आणि तो म्हणतो, ‘माझ्याकडे तर चालतंय.’ सुट्या भागाच्या दोषाला एक न्याय आणि प्रोग्रॅमच्या दोषाला दुसरा, हा दुजाभाव या पट्ट्याने वर्षानुवर्षे चालवून घेतला. आता तो परवडणारा नाही आणि त्याची गरजही नाही.

आता का, याची कारणे दोन. पहिले कारण विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ जुन्या संगणकांपैकी अनेकांवर चढत नाही, कारण तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे वर्षानुवर्षे एकाच टेबलावर चाललेले प्रोग्रॅम नव्या संगणकावर हलवण्याची वेळ आली आहे. दुसरे कारण जीएसटीतली ई-इनव्हॉइसची सक्ती. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये ५०० कोटी रुपयांच्या उलाढालीपासून सुरू झालेली ही सक्ती टप्प्याटप्प्याने खाली आली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उद्योगांना लागू झाली. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या फळीचे पुरवठादारही तिच्या कक्षेत आले. आता प्रोग्रॅम अडला तर बिल अडते, बिल अडले तर गाडी अडते.

मोठ्या वाहन कंपन्यांकडे मोठ्या प्रणाली आहेत. त्यांना माल देणाऱ्या छोट्या कारखान्यांत मात्र आजही एखाद्या स्थानिक प्रोग्रॅमरने लिहून दिलेला डेस्कटॉप प्रोग्रॅम चालतो. कुठे तो व्हिज्युअल बेसिक ६ मधला असतो, कुठे फॉक्सप्रोचा, कुठे डॉटनेटचा, आणि माहिती अनेकदा असते अ‍ॅक्सेसच्या फाइलमध्ये. यात मागासलेपण शोधण्याचे कारण नाही. वजनकाटा, बारकोडचा प्रिंटर, गेज आणि टेस्टिंगचे मशिन हे सारे त्या टेबलावरच्या संगणकालाच जोडलेले असते. इंटरनेट गेले तरी माल मोजावा लागतो आणि लेबल लावावेच लागते. डेस्कटॉप प्रोग्रॅम म्हणूनच टिकून आहेत आणि पुढेही टिकतील. प्रश्न त्यांच्या वयाचा नाही. ते बिघडले, की आपण कसे वागतो, हा प्रश्न आहे.

हे बिघाड वाटतात तेवढे गूढ नसतात. त्यांच्या जाती मोजक्या आहेत आणि बिघाड कुठे, कुणाला आणि केव्हा दिसतो, यावरून जात बहुधा ओळखता येते.

पहिली जात नव्या संगणकावर भेटते. जुन्या यंत्रावर निमूट चालणारा प्रोग्रॅम नव्यावर उघडतच नाही. ‘क्लास नॉट रजिस्टर्ड’ म्हणतो किंवा अमुक डीएलएल सापडत नाही अशी तक्रार करतो. कारण साधे आहे. प्रोग्रॅम म्हणजे एकटी ईएक्सई फाइल नव्हे. तिच्यामागे ग्रिड दाखवणारा घटक, रिपोर्ट छापणारा घटक, डेटाबेसचा ड्रायव्हर, व्हिज्युअल सी++चे रनटाइम असा गोतावळा असतो. जुन्या यंत्रावर तो केव्हातरी कुठल्या तरी निमित्ताने बसलेला असतो. नवे यंत्र कोरे असते.

त्यात ३२ आणि ६४ बिटचा घोळ. अ‍ॅक्सेसच्या जुन्या फाइली वाचणारा जेट ४.० ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा आहे. ६४ बिटच्या प्रोग्रॅमला तो दिसतच नाही. ओडीबीसीची मांडणी करणाऱ्या खिडक्याही दोन आहेत, एक ३२ बिटची आणि एक ६४ची. एकीत केलेली नोंद सहसा दुसरीच्या प्रोग्रॅमला सापडत नाही. गोंधळात भर म्हणजे ६४ बिटच्या विंडोजमध्ये ६४ बिटच्या फाइली ‘सिस्टिम३२’ या फोल्डरात असतात आणि ३२ बिटच्या ‘सिसवाऊ६४’मध्ये. नावावरून जाणारा हमखास चुकतो. डॉसवरच्या १६ बिटच्या प्रोग्रॅमना तर ६४ बिटच्या विंडोजमध्ये थेट थाराच नाही, आणि विंडोज ११ची ३२ बिटची आवृत्ती निघालेलीच नाही. उलट व्हिज्युअल बेसिक ६चे प्रोग्रॅम विंडोज ११वरही चालतात. त्या भाषेतली लेखनसाधने मायक्रोसॉफ्टने २००८मध्ये आधाराबाहेर काढली, पण प्रोग्रॅम चालवणारे रनटाइम विंडोजसोबत अजून येते. तेव्हा ‘जुना आहे, चालणारच नाही’ हे जितके चुकीचे, तितकेच ‘कॉपी-पेस्ट केला की चालेल’ हेही चुकीचे.

दुसरी जात माणसागणिक बदलते. पहिल्या शिफ्टच्या ऑपरेटरने प्रिंटरची सेटिंग बदलली, दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरला ती दिसतच नाही. दोघे एकमेकांवर ढकलतात. खरे कारण बहुधा विंडोजच्या परवानग्यांत असते. साध्या वापरकर्त्याला ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहिता येत नाही. मात्र २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून जुने ३२ बिटचे प्रोग्रॅम तिथे लिहायला गेले, तर विंडोज त्यांना अडवत नाही. ते लिखाण ती गुपचूप त्या वापरकर्त्याच्या खासगी फोल्डरात, ‘व्हर्च्युअलस्टोअर’मध्ये वळवते. प्रोग्रॅमला वाटते फाइल जागेवर लिहिली. प्रत्यक्षात प्रत्येक लॉगिनची वेगळी प्रत तयार झालेली असते. प्रोग्रॅमर स्वतःच्या संगणकावर प्रशासक असतो, म्हणून त्याच्याकडे हा दोष सहसा दिसत नाही. ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे त्याचे म्हणणे खरे असते, पण त्यातून उत्तर मिळत नाही. उपाय म्हणजे सगळ्यांना प्रशासक करणे नव्हे. सामाईक माहिती ‘प्रोग्रॅमडेटा’सारख्या ठरलेल्या जागी ठेवणे आणि तिथे लिहिण्याची परवानगी स्पष्टपणे देणे, हा उपाय आहे.

तिसरी जात तारखेची, आणि ती सर्वांत कपटी. आपण ०४/०७ हे ४ जुलै म्हणून वाचतो. अ‍ॅक्सेसच्या डेटाबेसला क्वेरीतून तीच तारीख तशीच दिली, तर तो ती अमेरिकी पद्धतीने, महिना आधी धरून, ७ एप्रिल अशी वाचतो. १३/०७ दिली, तर तेरावा महिना नसल्यामुळे मुकाट्याने १३ जुलै धरतो. एररही देत नाही. परिणामी महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांतले रिपोर्ट चुकतात आणि पुढचे बरोबर येतात. महिनाअखेरीला तपासायला बसलेल्या माणसाला आज टाकलेल्या तारखेत काहीच वावगे सापडत नाही. ‘महिन्याच्या सुरुवातीलाच का चुकते?’ एवढा एक प्रश्न कुणी विचारला, तर दोष पाच मिनिटांत हाती लागतो. अशीच गफलत दशांशचिन्हाची. जर्मन पद्धतीत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. युरोपीय मांडणीवर चालणाऱ्या मोजणी-यंत्राच्या फाइलमधला १२,५ हा आकडा आपल्या प्रोग्रॅमने १२५ असा वाचला, तर गेजचा आणि ऑपरेटरचा काहीही दोष नसताना माल नापास होतो. परदेशी कंपन्यांशी रोज व्यवहार करणाऱ्या चाकणला ही शक्यता दूरची नाही. तारीख आणि आकडे साठवताना, पाठवताना ठरलेल्या एकाच रूपात ठेवावेत. माणसाला दाखवताना हवे ते रूप द्यावे.

चौथी जात उपकरणांची. वजनकाट्याचा आकडा संगणकात घेणे वरवर सोपे दिसते, पण सिरियल केबलमधून आकडे एकगठ्ठा येत नाहीत, तुकड्यांत येतात. १२५.५० किलो हे आधी ‘१२’ आणि मग ‘५.५०’ असे येऊ शकते. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत न थांबणारा प्रोग्रॅम कधी १२ नोंदवतो, कधी ५.५०. टेबलावरच्या चाचणीत तो दहापैकी दहा वेळा बरोबर चालतो आणि कामाच्या गर्दीत चुकतो. शिवाय डॉटनेटमध्ये हे आकडे वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या वेगळ्या धाग्यावर, येतात आणि पडद्यावरच्या चौकटीला मात्र तिच्या स्वतःच्या थ्रेडवरूनच हात लावायचा असतो. नियम मोडला तर दोष शोधण्याचा डीबगर जोडलेला असताना स्पष्ट एरर येतो. डीबगरविना ती तपासणी मूळ मांडणीत बंद असते. म्हणजे प्रोग्रॅमरला इशारा मिळतो, कारखान्यात मात्र इशारा न देता पडदा कधीतरी गोठतो.

उपकरणांच्या बाबतीत दोष प्रोग्रॅमच्या बाहेरही शोधावा लागतो. आरएस-२३२ ही जोडणी साधारण १५ मीटरपर्यंतच्या अंतरासाठी आहे. वेल्डिंगच्या शेजारून, मोटारींच्या ड्राइव्हच्या बाजूने लांबवर ओढलेल्या केबलमध्ये अक्षरे बिघडली तर नवल नाही. लांब अंतरासाठी १,२०० मीटरपर्यंत जाणारी आरएस-४८५ आहे. यूएसबी कन्व्हर्टर दुसऱ्या खाचेत लावला, की अनेकदा कॉम पोर्टचा क्रमांक बदलतो आणि प्रोग्रॅम जुन्याच क्रमांकावर वाट पाहत बसतो. साफसफाईनंतर काटा बंद पडला, तर प्रोग्रॅमरला बोलावण्याआधी केबल कुठल्या खाचेत होती ते पाहावे. स्वस्त कन्व्हर्टरमधली चिपही खरी असेल असे नाही. ऑक्टोबर २०१४मध्ये एफटीडीआय या कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने जगभरातल्या नकली चिप निकामी केल्या. वापरणाऱ्यांना आपली चिप नकली आहे हे त्या दिवशी कळले. असे काही इथे घडले असते, तर ठपका प्रोग्रॅमवरच आला असता.

पाचवी जात दिवसाच्या वेळेनुसार वाढते. सकाळी चपळ असलेला प्रोग्रॅम संध्याकाळपर्यंत रेंगाळतो, अक्षरे अर्धवट उमटतात आणि शेवटी खिडकी कोसळते. रिस्टार्टने तो बरा होतो, म्हणून मूळ कारण वर्षानुवर्षे दडून राहते. विंडोज एका प्रोग्रॅमला फाँट, ब्रश, चित्रे यांसारख्या जीडीआय वस्तू मूळ मांडणीनुसार जास्तीत जास्त १०,००० देते. प्रत्येक बिलाच्या प्रिव्ह्यूला नव्या वस्तू घेऊन त्या परत न करणारा प्रोग्रॅम त्या मर्यादेला केव्हातरी भिडतोच. टास्क मॅनेजरमध्ये ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’चा स्तंभ उघडून ठेवला, तर आकडा चढताना डोळ्यांनी दिसतो. ‘नॉट रिस्पाँडिंग’ हा संदेश वेगळा. पडद्याचा थ्रेड सुमारे ५ सेकंद विंडोजच्या निरोपांना उत्तर देत नसेल, तर तो झळकतो. अनेकदा तो थ्रेड नेटवर्कवरच्या फाइलची वाट पाहत असतो. प्रोग्रॅम मेलेला नसतो, पण कंटाळलेला वापरकर्ता त्याला मारतो, आणि शेअर्ड फोल्डरमधली अ‍ॅक्सेस फाइल लिहिता लिहिता तुटते. अशा फाइलीची कमाल मर्यादा २ जीबी आहे हेही अनेकांना ती गाठल्यावरच कळते.

सहावी जात पैशांची. करपात्र रक्कम १२ रुपये ५० पैसे, सीजीएसटी ९ टक्के. कर होतो १.१२५ रुपये. एक्सेलचे राउंड सूत्र १.१३ देते. व्हिज्युअल बेसिकचे राउंड आणि डॉटनेटची मूळ पद्धत अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम अंकाकडे नेतात, म्हणून तिथे १.१२ येते. दोन्ही पद्धती शास्त्रशुद्ध आहेत. चूक आहे ती कुठली वापरायची हे न ठरवण्यात. एसजीएसटीतही तोच फरक पडतो आणि शेकडो ओळींच्या बिलांत हे पैसे साचत जातात. अकाउंटंट त्याला किरकोळ समजून हाताने जुळवतो. शिवाय रुपये ‘डबल’ प्रकारात ठेवले, तर ०.१ हा आकडा द्विमान पद्धतीत नेमका मांडताच येत नाही. पैशांसाठी ‘करन्सी’ किंवा ‘डेसिमल’ प्रकार आहेत ते याचसाठी.

मराठी मजकुराचा प्रश्न इथे वेगळा नोंदवायला हवा. कामगारांची नावे ओळखपत्रावर मराठीत छापायला गेले, की व्हिज्युअल बेसिक ६च्या चौकटींत प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. त्या चौकटी युनिकोडच्या नाहीत आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी जुन्या पद्धतीचे कोडपेजच नाही. म्हणून भाषेची मांडणी कितीही बदलली, तरी उपयोग होत नाही. युनिकोडआधीच्या फाँटमध्ये भरलेली नावे तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरे होतात. तिथे दुरुस्ती म्हणजे माहिती एकदाच युनिकोडमध्ये रूपांतरित करणे आणि ती दाखवणाऱ्या चौकटी बदलणे.

या सगळ्या जातींवर पांघरूण घालणारी एक सवय आहे. व्हिज्युअल बेसिकमध्ये ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ ही एक ओळ लिहिली, की एरर आला तरी प्रोग्रॅम पुढच्या ओळीवर जातो. डॉटनेटमध्ये रिकामा ‘कॅच’ही एरर असाच गिळून टाकतो. ग्राहकासमोर संदेश झळकू नये म्हणून प्रोग्रॅमर ही ओळ घालतो आणि दोषाचा पुरावा जागच्या जागी नष्ट होतो. चलन छापले गेले, साठा कमी झालाच नाही, आणि महिन्याने स्टॉकमध्ये तफावत निघाली, अशा प्रकरणात ही ओळ आधी शोधावी. एरर दडवण्यापेक्षा वेळ, वापरकर्ता, कृती आणि मूळ संदेश यांच्यासह तो फाइलमध्ये लिहून ठेवणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. ते न करणाऱ्या प्रोग्रॅमवर पुढे कित्येक दिवस खर्च होतात.

दोष शोधण्याची पद्धत या पट्ट्याला परकी नाही. टोयोटाच्या ताइची ओहनो यांच्या ‘पाच वेळा का’पासून फोर्डने १९८०च्या दशकात रूढ केलेल्या ८डीपर्यंत सारी साधने इथल्या भिंतींवर लावलेली आहेत. ती प्रोग्रॅमला लावायची एवढेच. दोष पुन्हा घडवून दाखवता आला पाहिजे. त्यासाठी कुठले बटण, कुठला आयटम, कुठला वापरकर्ता, किती वाजता, हे ऑपरेटरने लिहायचे आणि संदेशाचा फोटो काढायचा. ‘सिस्टिम चालत नाही’ हे वाक्य तक्रार म्हणून स्वीकारायचे नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. विंडोज अपडेट, नवा प्रिंटर ड्रायव्हर आणि प्रोग्रॅमची नवी आवृत्ती एकाच दिवशी टाकून मग कारण शोधत बसणारा माणूस कितीही हुशार असला, तरी अंदाजच करणार.

साधने मोफत आहेत. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर कोसळलेल्या प्रोग्रॅमची नोंद ठेवतो. मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्स संचातला प्रोसेस मॉनिटर प्रोग्रॅमने कुठली फाइल मागितली आणि कुठे ‘परवानगी नाही’ किंवा ‘सापडली नाही’ असे उत्तर मिळाले, ते ओळीओळीने दाखवतो. हा संच २००६पासून मायक्रोसॉफ्टचाच आहे. वर सांगितलेल्या पहिल्या दोन जातींतले कितीतरी दोष त्यात उघडे पडतात. आणि आवृत्त्या जपल्या असतील, तर शोध निम्मा निम्मा करत नेता येतो. शेवटच्या चांगल्या आवृत्तीनंतर ६४ बदल झाले असतील, तर मधल्या बदलापासून तपासत गेल्यास ६ चाचण्यांत दोषी बदल सापडतो. आवृत्त्या जपणाऱ्या गिट या साधनात यासाठी तयार आज्ञा आहे. पेनड्राइव्हवर ‘फायनल’, ‘फायनल न्यू’, ‘फायनल न्यू २’ अशा ईएक्सई ठेवणाऱ्याला हा मार्ग बंद असतो. ड्रॉइंगवरचा रिव्हिजन क्रमांक न पाहता जॉब मशिनवर न चढवणाऱ्या कारखान्याने प्रोग्रॅमच्या बाबतीत हे का चालवून घ्यावे?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, हे सगळे क्लाउडवर नेले की प्रश्न मिटतील. काही मिटतील. नव्या संगणकावर गोतावळा जुळवण्याची कटकट बरीच कमी होईल. पण वजनकाटा टेबलावरच राहील, तारखेचा आणि पैशांच्या पूर्णांकनाचा नियम कुणीतरी ठरवावाच लागेल आणि दडवलेला एरर सर्व्हरवरही दडलेलाच राहील. दुसरा आक्षेप नवा आहे. एरर एआयला विचारला, की उत्तर मिळते. मिळते खरे, आणि संदेशाचा अर्थ समजून घ्यायला त्याचा उपयोगही होतो. पण दुसऱ्या शिफ्टचा लॉगिन वेगळा आहे, काल केबलची खाच बदलली, चूक महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच होते, हे त्याला कुणी सांगायचे? ती नोंद कारखान्यातच व्हावी लागते. नोंद नसेल, तर उत्तर माणसाने दिले काय आणि यंत्राने दिले काय, तो अंदाजच असतो.

जबाबदारी एकट्या प्रोग्रॅमरवर टाकणेही बरोबर नाही. एकाच माणसाने लिहिलेला, त्याच्याच लॅपटॉपवर मूळ कोड असलेला प्रोग्रॅम घेऊन, देखभालीसाठी वर्षाकाठी जुजबी रक्कम देऊन, फोन केल्याबरोबर तो हजर व्हावा अशी अपेक्षा ठेवणारा मालक धोका स्वतःच ओढवून घेत असतो. तो माणूस गाव सोडून गेला, हिंजवडीत नोकरीला लागला किंवा आजारी पडला, तर कारखान्याकडे उरते फक्त एक ईएक्सई. टूल-रूममधल्या डायचे ड्रॉइंग कारखान्याकडे असते, मग मूळ कोड का नसावा?

शिक्षणसंस्था आणि संघटनांनाही इथे काम आहे. निगडी-आकुर्डीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रकल्पाच्या नावाखाली तीच ती ग्रंथालय-व्यवस्थापन प्रणाली दरवर्षी लिहिली जाते. दुसऱ्याने लिहिलेल्या, चालू असलेल्या प्रोग्रॅममधला खरा दोष शोधणे मात्र क्वचितच शिकवले जाते, आणि नोकरीत पहिली काही वर्षे तेच काम वाट्याला येते. जवळच्याच भोसरी एमआयडीसीत अशा दोषांची खाण आहे. लघुउद्योगांच्या संघटना, मराठा चेंबर आणि चिंचवडचे ऑटो क्लस्टर यांनी विद्यार्थी आणि कारखाने यांची गाठ घालून दिली, तर दोघांचाही फायदा आहे. ऑटो क्लस्टरची कल्पना मुळात एकट्याला न परवडणाऱ्या चाचणीच्या सोयी सामाईक असाव्यात अशी आहे. कोरे विंडोज ११चे यंत्र, नेहमीचे काटे, प्रिंटर आणि कन्व्हर्टर असलेली एक खोली तिथे झाली, तर जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर चढवण्याची चाचणी गाडी गेटवर उभी असताना करावी लागणार नाही.

तोवर प्रत्येक कारखान्याला स्वतःपुरते बरेच करता येईल. पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. महिन्यातला एक गुरुवार प्रोग्रॅमसाठी ठेवावा. बॅकअप नुसता घेऊन न थांबता दुसऱ्या संगणकावर तो उघडून पाहावा, अ‍ॅक्सेसची फाइल कॉम्पॅक्ट करावी, एररची फाइल वाचावी आणि महिनाभरातल्या तक्रारी तिच्याशी ताडून पाहाव्यात. विंडोज १० बदलण्याआधी प्रोग्रॅमला काय काय लागते, त्याची यादी जुने यंत्र चालू असतानाच करावी. ते भंगारात गेल्यावर ती करता येत नाही.

आणि पुढच्या सॉफ्टवेअरची ऑर्डर काढताना दर व मुदत यांच्या जोडीला चार अटी घालाव्यात. मूळ कोड आणि इन्स्टॉलर कारखान्याच्या ताब्यात राहील. प्रत्येक आवृत्तीला क्रमांक असेल आणि बदलांची नोंद असेल. प्रत्येक एरर फाइलमध्ये लिहिला जाईल. आणि तोच दोष दुसऱ्यांदा आला, तर मूळ कारण आणि कायमचा उपाय लेखी मिळेल. यातली एकही अट नवी नाही. बुश आणि ब्रॅकेट पुरवणारा प्रत्येक कारखानदार आपल्या ग्राहकाच्या अशाच अटी रोज पाळतो. स्वतः ग्राहक झाल्यावर त्या घालायला त्याने संकोच करू नये, आणि त्यांची किंमत मोजायलाही तयार असावे. अशा अटी पाळणारा प्रोग्रॅमर थोडा महाग पडेल. लाइन थांबवल्याचा दंड ज्यांनी एकदा भरला आहे, त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.